आप्पा उंबऱ्यातच का अडतात?

पत्र असं आहे:

"ताई, माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय ६९. पार्किन्सन्स निघून चार वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. आताशा संडासच्या दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहतात, दोन दोन मिनिटं, हाताला धरून ओढलं तरी हलत नाहीत. पण हेच आप्पा माडीचा जिना न थांबता चढतात. आणि परवा एकादशीला घरी हरिपाठ होता तर गळ्यात टाळ घालून पावली खेळले, एकदाही अडले नाहीत. घरात सगळे म्हणतात मुद्दाम करतात. कधी कधी मलाही तसंच वाटतं आणि मग रात्री स्वतःचाच राग येतो. नणंद बाळंतपणाला आलीय, बाळ वीस दिवसांचं आहे. सासूबाईंनी त्याला काखेत धरून पाय पाटाला टेकवले तर ते चक्क पावलं टाकायला लागलं. आप्पा बघत होते, म्हणाले, 'याला कुणी शिकवलं, आणि मला कुणी विसरवलं?' मला काहीच बोलता आलं नाही. आप्पा २२ वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चाललेत, यंदाही जायचंच म्हणतात. मी काय करू?
एक सून, फलटण तालुका"

ताई, सगळ्यात आधी एकच गोष्ट, आणि ही रात्री सगळे जेवायला बसतील तेव्हा मोठ्यानं वाचून दाखवा. आप्पा मुद्दाम करत नाहीत. अजिबात नाही. दारात अडणं, जिना चढणं आणि पावली असे तीन प्रसंग तुम्ही लिहिलेत ना, ते तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितले की आजार नेमका कुठं बसलाय तेच दिसतं, इतकं ते स्पष्ट आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अठरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन व्यायाम घेतेय, आणि हे मी इतक्या घरांत बघितलंय की पत्र वाचताना मला तुमच्या संडासचं दारसुद्धा दिसलं, अरुंद, आत अर्धी पायरी खाली, दारात पायपुसणं आणि दिव्याचं बटण बाहेर भिंतीवर. बरोबर ना?

याला आमच्याकडे फ्रीझिंग म्हणतात. पाय गोठतात. पायात ताकद असते, चालायचं मनातही असतं, पण पाऊल सुटत नाही. माझ्या सख्ख्या मावशीला आम्ही दोन वर्षं म्हणत होतो की तू आळस करतेस, जरा मन घट्ट कर, आणि ती बिचारी दाराची चौकट धरून रडायची. तेव्हा मी कॉलेजात होते, मला काही कळत नव्हतं. आता कळतं पण मावशी नाही. म्हणून तुमचं पत्र वाचून लगेच लिहायला बसले.

आप्पांचा प्रश्न फार मोठा आहे आणि त्याला खरं उत्तर आहे, जरा लांबलचक आहे पण द्यायचंच आहे मला.

बाळाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. डावा-उजवा, डावा-उजवा हा चालण्याचा मूळ ठेका आपण जन्माला येतानाच घेऊन येतो आणि तो डोक्यात पण नसतो, पाठीच्या मणक्यातून जो मज्जारज्जू जातो ना त्यात असतो. ग्रॅहम ब्राऊन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९११ मध्ये मांजरांवर दाखवलं होतं की वरून मेंदूचा संबंध तोडला आणि पायांकडून येणाऱ्या जाणिवासुद्धा तोडल्या तरी मज्जारज्जू एकटाच पाय आलटून पालटून हलवायचा हुकूम देत राहतो. आता सासूबाईंना एक आधीच सांगून ठेवा, बाळाचं हे चालणं साधारण दोन महिन्यांत दिसेनासं होईल, घाबरायचं काही नाही. पूर्वी डॉक्टर लोकांनाही वाटायचं की मोठा मेंदू जागा होतो आणि हा ठेका दाबून टाकतो. पण अमेरिकेत एस्थर थेलन नावाच्या बाईंनी १९८४ मध्ये अशा बाळांना कोमट पाण्यात उभं धरून बघितलं, तर पावलं परत आली! म्हणजे ठेका कुठं गेलाच नव्हता, बाळाच्या मांड्या गुबगुबीत जड झालेल्या आणि ताकद अजून तेवढी आलेली नाही, म्हणून पाय उचलत नव्हते, पाण्यानं भार घेतला आणि लगेच उचलले. हे लक्षात ठेवा, दिसत नाही म्हणजे पुसलं गेलं असं नसतं. आप्पांच्या बाबतीतही तेच आहे.

मग आप्पांचं अडतं कुठं? त्यासाठी जरा उंदराकडे यावं लागेल. तुमच्याकडं धान्याच्या कोठीजवळ कधी उंदीर तोंड धुताना बघितलाय का नीट, म्हणजे न हुसकावता? आधी दोन्ही पंजे नाकाभोवती बारीक बारीक फिरवतो, पाच ते नऊ वेळा, मग एकेका पंजानं मिशांवरून छोटे हात, मग दोन्ही पंजे पार कानामागून ओढून आणतो आणि शेवटी मान वळवून अंग चाटायला लागतो. एवढं सगळं चार-पाच सेकंदांत आणि पंचवीसेक हालचालींत, आणि क्रम ठरलेला. एकदा हे नाकाभोवतीचं सुरू झालं की पुढचं सगळं ओळीनं येणार म्हणजे येणारच. त्याची आई त्याला हे शिकवत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी वर्षानुवर्षं हेच बघितलं, आणि त्यांना सापडलं काय तर मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा एक भाग आहे, त्यातला अगदी छोटा ठिपका बिघडला की उंदीर तोंड धुतो, पंजाही फिरवतो, कानामागूनही ओढतो, एकही हालचाल तो विसरलेला नसतो, पण ती ओळ पुरी होत नाही. सुरू करतो आणि मधेच सुटते.

आपल्या मराठीत 'चाल' शब्दाला दोन अर्थ आहेत बघा, पायांची चाल आणि अभंगाची चाल. मला हा शब्द इथं फार जवळचा वाटतो. अभंगाचे शब्द पाठ आहेत पण चाल सुटली की गाडी थांबते, तसं पायांचं आहे. पाऊल कसं टाकायचं ते आप्पांकडं आहे, चाल धरून ठेवणारा जो भाग आहे ना तो दमलाय.

आणि हा भाग जन्मजात गोष्टींचीच चाल धरतो असं नाही, शिकलेल्या गोष्टींचीही धरतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ऍन ग्रेबिएल यांच्या लॅबमध्ये उंदरांना टी आकाराच्या बोळातून पळायला शिकवलं. नवीन असताना उंदीर पळत असेल तोवर सगळा वेळ त्या भागातल्या पेशींची बडबड चालू असायची, पण रस्ता अंगवळणी पडला तसं मधलं सगळं शांत झालं आणि पेशी फक्त सुरुवातीला आणि शेवटाला जोरात बोलायला लागल्या. १९९९ मध्ये छापून आलंय हे. म्हणजे सगळ्या हालचालींचं मिळून एक गाठोडं बांधलं जातं, 'कर सुरू' म्हटलं की गाठोडं आपोआप उलगडतं. तुम्हाला कुणी एकदम 'सतरा साते?' विचारलं तर तुम्ही मनात सतरा एके सतरापासून सुरू करता ना? मधूनच धरता येत नाही. साडीच्या निऱ्या घालताना कुणी मधेच विचारलं की आता कितवी निरी, तर हात थांबतो आणि परत पहिल्यापासून. ते हेच. आप्पांची सहीही बघा एकदा, बारीक बारीक होत गेली असेल, पहिलं अक्षर बरं आणि शेवटी नुसती मुंगी. शाळेत शिकलेली सही, वापरून वापरून गाठोडं झालेली, तिलाही तोच मार बसतो. रेघी कागद दिला तर अक्षर बरंच मोठं येतं, करून बघा, आणि बँकेत एकदा नमुना सही नवीन देऊन टाका म्हणजे चेक परत यायची कटकट नको.

आता पार्किन्सन्समध्ये काय होतं, तर या स्ट्रायटमला डोपामिन नावाचं रसायन पुरवणाऱ्या काळसर पेशींचा एक पुंजका असतो मेंदूच्या तळाकडे, त्या पेशी हळूहळू मरतात, आणि बाहेर काही दिसायला लागेपर्यंत बऱ्याच गेलेल्या असतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये हा आजार पहिल्यांदा सविस्तर लिहिला, तोही अवघ्या सहा पेशंटवरून, त्यातले काही तर त्यांना रस्त्यात चालताना दिसलेले. म्हणजे या आजाराची पहिली ओळखच चालीवरून झाली म्हणा ना.

तर गाठोडं उलगडणारा भाग सुस्त झाला की माणूस काय करतो, एकेक पाऊल लक्ष देऊन टाकायला लागतो. आप्पा गेली चार वर्षं हेच करत असणार, आणि कुणाला सांगितलंही नसेल. तुम्ही पहिल्यांदा स्कूटर शिकलात तेव्हा आठवा, आरसा बघ, ब्रेक धर, समोर म्हैस, मागून ट्रक, आणि शेजारून कुणी हाक मारली की गाडी डगमगली. आप्पांचं चालणं रोज तसं आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत. सरळ मोकळ्या पडवीत ते जमतं. पण संडासच्या दारात एकाच वेळी किती गोष्टी येतात बघा, दार अरुंद, पायरी खाली, पायपुसण्यावर पाय घसरेल ही भीती, बटण दाबायचंय, आत जाऊन वळायचंय, पोटात घाई, आणि मागून आपण म्हणतोय 'आप्पा चला लवकर'. लक्ष सांडतं आणि पाय थांबतात. मग आपण ओढतो. ओढल्यावर छाती पुढं येते आणि पाय मागंच राहतात, आणि माणूस पडतो. तेव्हा ओढणं आजपासून बंद, हे हात जोडून सांगते.

जिना का जमतो? कारण प्रत्येक पायरीची कड डोळ्यांना सांगते, 'पाय इथं'. आतून जी खूण मिळत नाहीये ती बाहेरून मिळते, आणि बाहेरच्या खुणेवर हालचाल करायचा रस्ता मेंदूत बऱ्यापैकी वेगळा आहे, तो या आजारात पुष्कळ काळ शाबूत राहतो असं मानतात. पर्डन मार्टिन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की जमिनीवर आडव्या रेघा मारल्या की अडलेले पेशंट चालायला लागतात, आणि गंमत म्हणजे त्याच रेघा चालायच्या दिशेनं उभ्या मारल्या तर उपयोग नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एका ५८ वर्षांच्या गृहस्थांची केस दिली होती, दोन पावलं धड टाकता यायची नाहीत पण सायकलवर बसवलं की मस्त चालवत जायचे, आणि उतरले की परत जाम. त्यांच्याही घरी कुणाला तरी वाटलंच असेल की हे काय नाटक.

आणि पावली! पावलीत तर सगळंच आहे. टाळाचा ठोका बाहेरून येतोय, समोरच्या माणसाचे पाय दिसतायत, सगळे एका लयीत, आणि वर २२ वर्षं घोटलेलं. म्हणून आप्पा अडले नाहीत. तुमच्या घरात ज्याला नाटकाचा पुरावा समजतायत तेच खरं तर औषध आहे.

तेव्हा करायचं काय. उद्या हार्डवेअरच्या दुकानातून रंगीत चिकटपट्टी आणा, फरशीच्या रंगाच्या अगदी उलट, फरशी पांढरी असेल तर लाल किंवा काळी. दाराच्या अलीकडं तीन, पलीकडं जागा असेल तेवढ्या, आडव्या चिकटवा. अंतर आप्पांच्या पावलाचं घ्यायचं, तुमच्या नाही, ते बरे चालत असतील तेव्हा गोळीनंतर तासाभरानं त्यांना चालवून खडूनं खुणा करा आणि तिथंच पट्ट्या. पट्टीवर पाय द्यायचा नाही, पट्टी ओलांडायची, हे त्यांना दोन-तीनदा करून दाखवा. कडा उचलल्या की लगेच बदला, नाहीतर त्यातच पाय अडकेल. पायपुसणं काढून टाका, कायमचं. दिवा संध्याकाळी आधीच लावून ठेवा म्हणजे बटणाचं एक काम कमी. आत कमोडच्या बाजूला भिंतीत पक्का स्टीलचा दांडा बसवून घ्या, टॉवेलचा दांडा नाही, तो भार घेत नाही आणि लोक नेमका तोच धरतात.

तरी अडले तर? तर सगळ्यांनी गप्प बसायचं. खरंच गप्प. आप्पांनी चालायचा प्रयत्न सोडायचा, ताठ उभं राहायचं, एक श्वास, मग वजन डाव्या पायावर, उजव्या पायावर, डाव्या, उजव्या, असं जागच्या जागी डोलायचं, आणि मग मनात किंवा मोठ्यानं 'ग्यानबा-तुकाराम' म्हणत 'तुकाराम'ला मोठं पाऊल. त्यांना हे वेगळं शिकवायची गरज नाही, ते पायांत मुरलेलंय. नाहीच सुटलं तर तुम्ही शेजारी उभं राहून तुमचं पाऊल त्यांच्या पावलापुढं आडवं ठेवा आणि म्हणा, 'आप्पा, माझा पाय ओलांडा'. बहुतेक वेळा लगेच ओलांडतात, आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो इतकं ते अचानक होतं.

वळताना गर्रकन जागेवर वळू द्यायचं नाही, बैलगाडी वळवतात तसा मोठा वळसा. चालताना गप्पा नाहीत, हातात तांब्या नाही. आणि रोज सकाळी गोळीचा असर आल्यावर दहा-पंधरा मिनिटं पडवीत हरिपाठ लावून चालणं, संथ चालीचा. जलद लावलात तर पावलं बारीक होऊन पळायला लागतात आणि तोल पुढं जातो. मागं कुणीतरी हवंच.

गोळ्यांचं मी डॉक्टर नाही म्हणून थोडक्यात. आठवडाभर कॅलेंडरवर लिहा, गोळी किती वाजता घेतली आणि अडले किती वाजता. बऱ्याच जणांचं अडणं पुढच्या गोळीच्या आधीच्या तासात असतं, तो कागद न्यूरोलॉजिस्टना दाखवला की वेळा बदलून फरक पडू शकतो. दूध, डाळ, अंडं, मटण याच्याबरोबर लिव्होडोपाची, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या औषधाची, गोळी घेतली तर काहींना ती नीट लागू पडत नाही, जेवणाआधी किती वेळ घ्यायची ते विचारून घ्या, पण म्हणून डाळ-दूध बंद करू नका, ती ताकद लागतेच. आणि गावाकडं कुणीतरी खाजकुयलीचं चूर्ण आणून देणारच, त्या बियांत खरोखरच लिव्होडोपा असतं, म्हणूनच ते गोळ्यांच्या वर आपल्या मनानं चालू करायचं नाही, डोस डबल होईल. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून पेशंट आणि घरच्यांचा ग्रुप आहे, त्यांच्या सभांना एकदा आप्पांना घेऊन जा. दुसऱ्या माणसाला आपल्यासारखंच अडताना बघणं यातही फार मोठा आधार असतो हो.

आप्पांना काय सांगायचं ते आता तुम्हाला सुचेलच, तरी माझ्या शब्दांत सांगते. 'आप्पा, बाळाला कुणी शिकवलं नाही आणि तुम्हाला कुणी विसरवलेलं नाही, तुमच्या पायांत बाळाचा ठेका पण आहे आणि वारीची पावली पण आहे, नुसती सुरू करून देणारी किल्ली हलकी झालीय, ती आता आपण बाहेरून फिरवू.' जमलं तर हे घरातल्या बाकीच्यांसमोर सांगा. आणि ज्यांनी नाटक म्हटलंय त्यांच्यापैकी एकानं तरी पट्ट्या चिकटवायला बसावं असं मला मनापासून वाटतं.

राहिली वारी. अख्खी वारी नको, हे स्पष्ट सांगते. रेटारेटी, चिखल, मुक्कामाच्या ठिकाणची शौचालयं, गोळ्यांच्या वेळा चुकणं, उन्हात पाणी कमी पडून उठल्याउठल्या चक्कर येणं, यातलं एकेक कारण पुरेसं आहे. पण अजिबात नाही म्हणू नका हो, २२ वर्षं चाललेल्या माणसाला घरात बसवून टीव्हीवर पालखी दाखवू नका. तुमच्याच तालुक्यातून जाते की ती. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण असतं तिथं गर्दीत न्यायचं नाही, लोणंद-तरडगाव रस्त्यावर जरा मोकळी जागा बघा, डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, गोळीची वेळ जुळवा, आणि त्यांची जुनी दिंडी येईल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं ओळीत चालू द्या. एका बाजूला तुमचे मिस्टर, एका बाजूला तुम्ही, मागं खुर्ची घेऊन कुणीतरी. फुगडी नाही, उड्या नाहीत. दिंडीच्या विणेकऱ्यांना आदल्या दिवशी फोन करून ठेवा की आप्पा येणार आहेत, लय जरा धरून ठेवा. टाळ त्यांच्याच गळ्यात द्या, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पिशवी तुम्ही घ्या.